लष्करात नर्स व्हायचं का? कामरेजच्या घरांतला प्रश्न आणि त्याचा सरळ हिशोब

कामरेज (सुरत) : भारतीय लष्कराच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला १ ऑक्टोबर २०२६ रोजी १०० वर्षं पूर्ण होतात. दिल्ली-पुण्यात त्याचे कार्यक्रम होतील, फोटो येतील. पण सुरत जिल्ह्यातल्या मराठी घरांत हा विषय वेगळ्या वाटेने येतो. पोरगी अकरावी-बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय, नीटचा फॉर्म भरलाय. डॉक्टरकीला नंबर लागेल असं वाटत नाही. मग कुणीतरी सांगतं, "मिलिटरी नर्सिंग बघा ना. फुकट शिक्षण, वर ऑफिसर."

सुरतेतली मराठी वस्ती म्हटली की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही नावं पुढे येतात. कामरेजचं नाव सहसा येत नाही. पण हायवेच्या दोन्ही अंगाला सोसायट्या वाढल्या तशी धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबं इकडेही आली. कुणी लूम्सवर, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात, कुणाचं छोटं दुकान. अशा घरांत बसलं की या विषयावर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे "पोरीचं सोनं होईल", आणि दुसरं एका आजोबांनी अहिराणीत विचारलेलं : "आंडेरले इतलं दूर कसं धाडानं, भाऊ?"

दोन्ही मतं अर्धवट माहितीवर उभी आहेत. म्हणून हा हिशोब मांडतो आहे.

नर्स नव्हे, अधिकारी

पहिला गैरसमज इथेच असतो. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये रुजू होणारी मुलगी लेफ्टनंट म्हणून रुजू होते. पुढे कॅप्टन, मेजर अशी वाट मेजर जनरलपर्यंत जाते. मेजर जनरल जी. ए. राम १९७६ मध्ये त्या हुद्द्यावर पोहोचल्या. भारतीय सैन्यदलांत त्या हुद्द्यावर गेलेली पहिली महिला डॉक्टर किंवा लढाऊ शाखेतली नव्हती, नर्सिंगमधली होती.

या सेवेची सुरुवात मुंबईत झाली. २८ मार्च १८८८ रोजी १० प्रशिक्षित ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या आणि लष्करी इस्पितळांत शिस्तीची शुश्रूषा सुरू झाली. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, भारतीय नर्सेस घेतल्या गेल्या. १९२६ मध्ये सेवा कायमस्वरूपी झाली आणि १९४३ च्या अध्यादेशाने नर्सेसना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. वैद्यकीय शाखा सोडली तर लष्कराच्या इतर शाखांचं दार महिलांसाठी १९९२ मध्ये उघडलं. म्हणजे नर्सिंगमधल्या बायका त्यांच्या जवळजवळ ५० वर्षं आधी अधिकारी होत्या.

दारं दोन आहेत

पहिलं दार बारावीनंतरचं. पुण्याचं एएफएमसी, मुंबईत कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी, दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळुरू या ६ ठिकाणी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग होते. अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे जागा सगळ्या मिळून २२०. यातल्या ८० जागा पुणे आणि मुंबईत आहेत. कामरेजहून अंतर बघितलं तर मुंबई काही अहमदाबादपेक्षा फार लांब नाही.

निवड २०२२ पासून नीटच्या गुणांवर सुरू होते. पण नीट दिली म्हणजे झालं असं नाही. लष्कराच्या 'जॉइन इंडियन आर्मी' वेबसाइटवर वेगळा अर्ज करावा लागतो. नीटच्या गुणांवरून यादी लागते. मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी मेडिकल. मुलगी अविवाहित हवी (विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने विभक्त महिलांनाही काही अटींवर संधी आहे), वय साधारण १७ ते २५ आणि उंची १५२ सेंटिमीटर.

इथे एक अट अनेक घरांना उशिरा कळते. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन, रेग्युलर विद्यार्थी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात किमान ५० टक्क्यांनी पास झालेली हवी. एखादा विषय राहिला आणि पुरवणी परीक्षेत सुटला तर हे दार बंद. म्हणून निर्णय बारावीच्या निकालानंतर घेण्याचा नाही, अकरावीतच घेण्याचा आहे.

दुसरं दार नर्सिंगची डिग्री झाल्यावरचं. बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या मुलींना शॉर्ट सर्व्हिस कमिशन. यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये जाहिरात निघाली आणि जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली. वयाची मर्यादा २१ ते ३५ होती. ही भरती दरवर्षी ठराविक तारखेला निघेलच असं धरून चालू नये.

आपल्याकडे जीएनएम करणाऱ्या मुली खूप. नुसत्या जीएनएमवर हे दुसरं दारही उघडत नाही. त्यांनी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं तर मात्र वाट मोकळी होते. सुरत-बारडोली पट्ट्यातल्या एखाद्या कॉलेजात जीएनएमला नाव घालण्याआधी एवढी एक गोष्ट घरात बोलून घ्यायला हवी.

सीमेवरच्या मराठी माणसाला याचं महत्त्व जास्त का?

राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी तुमचं शिक्षण कुठे झालं, अधिवास कुठला, हे बघितलं जातं. सुरतेत वाढलेली मराठी मुलगी महाराष्ट्राच्या सीईटीला गेली की कागदांचा घोळ सुरू होतो. गुजरातमध्ये राहिली तर जातीच्या दाखल्याचा घोळ, कारण दाखला वडिलांच्या गावचा आणि गाव दुसऱ्या राज्यात. बेळगावकडच्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक शिक्षणात वेगळी तरतूद ठेवली आहे. गुजरातमधल्या मराठी मुलांसाठी तशी सोय नाही.

मिलिटरी नर्सिंगच्या जागा अखिल भारतीय आहेत. इथे कुठल्या राज्याची, हा प्रश्नच येत नाही. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. त्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलीला दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं हे थोड्या दारांपैकी एक दार आहे.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सैन्यदलांच्या भरतीत जातीनिहाय आरक्षण नाही. नवापूर, उच्छल, सोनगढ पट्ट्यातल्या आदिवासी मुलीला राज्याच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात राखीव जागेचा आधार असतो, तो इथे नसतो. तिने लष्कराचा अर्ज जरूर भरावा, पण राज्याची प्रवेशप्रक्रिया सोडून नव्हे.

खरी अडचण इंग्रजीची

नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. पण मराठीतला पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. सुरतेच्या केंद्रावर गुजराती, हिंदी, इंग्रजी मिळेल, मराठी नाही. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून निघालेली मुलगी अकरावीत गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जाते, तिथेच तिची पहिली ठेच लागते.

दुसरी ठेच पुढच्या पायरीवर. लष्कराची परीक्षा सामान्य इंग्रजी तपासते आणि मुलाखतीतही इंग्रजी बोलावं लागतं. नीटला चांगले गुण असलेली मुलगी इथे मागे पडू शकते. सुरतेतले क्लासवाले नीटचं पॅकेज विकतात, या पायरीबद्दल सहसा कुणी बोलत नाही. यावर उपाय महाग नाही. अकरावीपासून रोज अर्धा तास इंग्रजी पेपर मोठ्याने वाचणं आणि कुणाशी तरी बोलणं. क्लासची फी भरण्याआधी हे सुरू करावं.

आणि एक इशारा. या भरतीत एजंट नसतो. "पुण्यात ओळख आहे, दोन लाखांत काम होईल" म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नये.

पैशांचा हिशोब

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून आकडे समोरासमोर ठेवतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नर्सिंग लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर १०,८०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. म्हणजे महागाई भत्ता धरण्याआधीच ६६,९००.

एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर म्हणून लागली तर मूळ पगार ४४,९०० पासून, वर नर्सिंगचे भत्ते. त्यासाठी नॉरसेट ही देशपातळीवरची परीक्षा आहे. गुजरात सरकारात स्टाफ नर्स लागली तर पहिली ५ वर्षं फिक्स पगार, २०२३ च्या वाढीनंतर महिना ४०,८००.

राहिली खाजगी हॉस्पिटलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतकंच द्यावं. शिफारस झाली, पण लागू करणं राज्यांवर सोडलं गेलं. प्रत्यक्षात हातात किती पडतात, हे आपल्या सोसायटीत राहणाऱ्या कुठल्याही नर्सताईला विचारा.

शिक्षणाचा खर्च धरला तर फरक आणखी वाढतो. लष्कराच्या कॉलेजात राहणं, जेवण, शिक्षण सरकारी खर्चाने, वर विद्यावेतन. खाजगी कॉलेजात चार वर्षांची फी बापाच्या खिशातून जाते, आणि लूम्सवरच्या माणसासाठी ती रक्कम म्हणजे गावाकडची जमीन गहाण टाकण्याची वेळ असते.

हे आकडे बदलणार आहेत. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालच्या आठव्या वेतन आयोगाकडे सगळ्यांचे डोळे आहेत. पण तुलनेचा क्रम फारसा बदलेल असं वाटत नाही.

मग पैशाच्या बाजूने खोट कुठे? पेन्शनमध्ये. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण २० वर्षं नोकरी लागते. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे आधी ५ वर्षं, मग वाढवत जास्तीत जास्त १४. म्हणजे शॉर्ट सर्व्हिसवाली मुलगी पस्तीस-चाळीशीत ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडते, पेन्शन घेऊन नाही. लष्करी कॉलेजातून शिकून निघालेल्या मुलींनाही कायम किंवा शॉर्ट, दोन्हीपैकी एक कमिशन मिळू शकतं. "सरकारी नोकरी म्हणजे जन्माची भाकरी" हे इथे आपोआप लागू होत नाही. जाहिरातीतला हा परिच्छेद घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

बाँड, बदली आणि लग्न

आपल्या घरांतला खरा वाद पगाराचा नसतोच. तो लग्नाचा असतो.

चार वर्षांच्या शिक्षणानंतर किमान ५ वर्षं सेवेचा बाँड आहे. अठराव्या वर्षी आत गेलेली मुलगी बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होते आणि सत्तावीसपर्यंत बांधलेली असते. शिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही, कमिशन मिळाल्यावर करता येतं. आपल्या समाजात बावीस-तेविसाव्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात होते, त्यामुळे आईवडिलांचा जीव खालीवर होणं समजू शकतो.

आता हे लग्न अडथळा नाही, पण कधीकाळी होतं. सेलिना जॉन यांचं प्रकरण प्रत्येक घराने माहीत करून घ्यावं असं आहे. त्या मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट होत्या. लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये त्यांना सेवेतून काढलं. नवरा स्वतः लष्करात अधिकारी, त्याच्या नोकरीला काही झालं नाही. ज्या १९७७ च्या नियमाने हे झालं तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नावरून बाईला नोकरीवरून काढणं हे मनमानी आणि घटनाबाह्य ठरवलं आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. न्याय मिळाला, पण ३५ वर्षांनी.

बदलीचं तसं नाही. ती टळत नाही. देवळाली, अहिल्यानगर, कामठी, खडकी ही आपली ओळखीची गावं नशिबात येतील, तशीच लेह, तेजपूर, पठाणकोटही येतील. लष्करी नर्स बंदूक घेऊन सीमेवर जात नाही. तिचं काम इस्पितळात. पण फील्ड हॉस्पिटल सीमेजवळही असतं. दुसऱ्या महायुद्धात या सेवेतल्या नर्सेस सिंगापूर, ब्रह्मदेश, इटलीपर्यंत गेल्या होत्या. धोका शून्य आहे असं कुणी सांगत असेल तर ते खोटं. आणि सगळा वेळ धोकाच असतो, हेही खोटं. बहुतेक दिवस वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, रात्रपाळी आणि जवानांच्या कुटुंबांचे दवाखाने यातच जातात.

लग्नानंतर नवऱ्याची नोकरी कामरेजला आणि बायकोची पोस्टिंग जोधपूरला, हे घडतं. स्थळ ठरवतानाच ते उघड बोलावं लागेल. बाईची बदली झाली म्हणून आपण घर कसं चालवू, हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरुषांना विचारायची सवय नाही. ती लावावी लागेल.

दर्जाचं दुखणं

गणवेशाचा मान मोठा, पण तिथेही सगळं समान नाही. इतर शाखांच्या अधिकाऱ्यांना मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि नर्सिंगच्या अधिकाऱ्यांना १०,८००. हुद्दा तोच, महिन्याचा फरक ४,७००.

सेवेतून बाहेर पडल्यावर माजी सैनिक म्हणून नोकरीतलं आरक्षण मिळणार का, यावरही कोर्टकज्जे झाले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या प्रकरणात निकाल दिला की तिथल्या नियमांप्रमाणे मिलिटरी नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या अधिकारीही माजी सैनिकच आहेत. शॉर्ट सर्व्हिस करून चाळिशीत परत येणाऱ्या मुलीसाठी हा मुद्दा कागदी नाही, तिच्या पुढच्या नोकरीचा आहे.

मुलांची गोष्ट तर अजून सुटलेली नाही. १९४३ च्या अध्यादेशाप्रमाणे या सेवेत फक्त महिला. बी.एस्सी. नर्सिंग केलेल्या मुलाला इथे जागा नाही. नर्सेसच्या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात याला आव्हान दिलं आणि सुनावणीत न्यायालयानेही केंद्राला विचारलं की महिला अधिकारी सियाचीनला जाऊ शकते तर पुरुष नर्स लष्करी इस्पितळात का नको? तूर्त मुलांसाठी लष्करात नर्सिंग असिस्टंटची भरती आहे, पण ती जवानाच्या हुद्द्याची. एम्स आणि राज्यांच्या भरतीत मात्र मुलांना जागा असतात.

मग जायचं की नाही?

ज्या मुलीच्या डोक्यात जर्मनी किंवा आखाती देश आहे, तिने इथे येऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सेसही आहेत. तो रस्ता वेगळा, त्याची तयारी वेगळी. पाच वर्षांच्या बाँडमध्ये अडकून परदेशाची स्वप्नं बघण्यात दोन्हीकडचं नुकसान. आजारी आईवडिलांची एकटी जबाबदारी असलेल्या मुलीनेही दोनदा विचार करावा, कारण बदली कुणासाठी थांबत नाही.

पण ज्या घरात फी भरायला पैसा नाही, दोन राज्यांच्या कागदांत मुलगी अडकली आहे आणि तिला स्वतःला शिस्तीची, फिरतीची नोकरी चालणार आहे, त्या घराने हे दार ठोठावून बघायलाच हवं. फक्त २२० जागांवर सगळं लावू नये. २०२५ मध्ये नीटला २२ लाखांहून जास्त मुलं बसली होती. राज्याची नर्सिंग प्रवेशप्रक्रिया, खाजगी कॉलेजची चौकशी सोबत चालू ठेवावी. इथे जमलं नाही तर बी.एस्सी. करून दुसऱ्या दाराने ३५ वर्षांपर्यंत प्रयत्न करता येतो.

कामरेजच्या त्या आजोबांच्या प्रश्नाला माझ्या मते एकच उत्तर आहे. दूर कसं धाडायचं हे घरच्यांनी ठरवण्याआधी, दूर जायचं का, हे पोरीला विचारा. मुलाखतीच्या खोलीत तिच्यासोबत ना वडील असणार, ना काका, ना क्लासवाले सर. समोरचे अधिकारी तिला विचारतील, "का यायचंय?" ते उत्तर तिच्याजवळ स्वतःचं असेल तर अर्ज भरावा. घरच्यांनी पाठ करून दिलेलं असेल तर ते तिथे कळतं, आणि नाही कळलं तर पुढच्या नऊ वर्षांत तिला स्वतःला कळतं.